खंबाटकीचा बोगदा, तिकीट खिडकी आणि एन्झाइमचा धडा

"पुढीलपैकी चुकीचं विधान ओळखा." चार पर्याय असतात. एन्झाइम अभिक्रियेत वापरून संपत नाही. एन्झाइम सक्रियण ऊर्जा कमी करतं. एन्झाइम अभिक्रियेचा समतोल उत्पादनाच्या बाजूला सरकवतं. एन्झाइम ठरावीक सबस्ट्रेटवरच, म्हणजे ठरावीक रेणूवरच, काम करतं. तिसरं विधान चुकीचं आहे, पण ऐकायला इतकं बरं वाटतं की निम्मा वर्ग ते खरं धरून पुढे जातो आणि पहिल्या किंवा चौथ्यावर खूण करतो. त्याच मुलांना एन्झाइमांच्या सहा वर्गांची नावं मात्र झोपेत उठवून विचारली तरी येतात.

या धड्याचं हेच दुखणं आहे. वैद्यकीय प्रवेशाची नीट असो, बी.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष असो की लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी, मुलं हा धडा नावांचा समजून पाठ करतात आणि परीक्षेत प्रश्न येतात वेगाचे. एन्झाइम, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातलं विकर, काय करतं? घडणारच असलेली गोष्ट लवकर घडवतं. बाकी सगळं या एका वाक्याभोवती फिरतं.

पुण्याहून साताऱ्याला गेला असाल तर खंबाटकी माहीत असेल. वर्षानुवर्षे जाताना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, अशी तिथली रीत. बोगद्याने पुणे वर उचललं गेलं का? सातारा खाली गेला का? नाही. दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून जितकी उंच होती तितकीच आहेत. मधला चढ तेवढा वाचला. सक्रियण ऊर्जा म्हणजे हा मधला चढ, आणि एन्झाइम म्हणजे बोगदा. सबस्ट्रेट आणि उत्पादन यांच्या ऊर्जेतला फरक, ज्याला पुस्तकात डेल्टा-जी म्हणतात, तो जसाच्या तसा राहतो. समतोल त्याच फरकावर ठरतो, म्हणून तोही बदलत नाही. तिथे पोचायला लागणारा वेळ मात्र कमी होतो. एका ठिकाणी ही उपमा तुटते, तेही सांगून ठेवतो. खंबाटकीचा तो बोगदा एकेरी आहे, एन्झाइमचा दुहेरी असतो. पुढची अभिक्रिया ज्या पटीत वेगवान होते, त्याच पटीत उलटीही होते. म्हणून तर समतोल हलत नाही.

हा वेग किती असतो, याचं अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकातलं उदाहरण एकदा स्वतः आकडेमोड करून बघा. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून कार्बोनिक आम्ल होतं. एन्झाइम नसेल तर तासाला सुमारे २०० रेणू तयार होतात. कार्बोनिक ॲनहायड्रेज असेल तर सेकंदाला सुमारे ६,००,०००. पहिला आकडा तासाचा आहे आणि दुसरा सेकंदाचा, इथे मुलं हमखास फसतात. ६,००,००० ला ३,६०० ने गुणा आणि २०० ने भागा, उत्तर एक कोटीच्या थोडं वर येतं. एवढा वेग नसता तर स्नायूंत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तात वेळेवर विरघळला नसता आणि फुप्फुसात वेळेवर बाहेरही पडला नसता.

एन्झाइम आणि सबस्ट्रेट एकमेकांना कसे ओळखतात, हा भाग पटकन उरकतो, कारण त्यावर प्रश्न सरळ येतात. एमिल फिशरने १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली. कोशलंडने १९५८ मध्ये ती सुधारली आणि कुलूप थोडं लवचीक असतं, किल्ली आत आल्यावर ते तिच्याभोवती आवळतं, असं सांगितलं. यालाच इंड्यूस्ड फिट म्हणतात. एन्झाइम म्हणजे प्रथिन, हे १९२६ मध्ये जेम्स समनरने जॅक बीनच्या दाण्यांतून युरिएजचे स्फटिक काढून दाखवलं. समनर डावखुरा होता, आणि सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्याचा डावा हातच गेला होता. पुढची सगळी प्रयोगशाळा त्याने उजव्या हाताने सांभाळली. बरीच वर्षं लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. नोबेल मिळायला १९४६ उजाडलं. आता अपवाद: सगळीच एन्झाइमं प्रथिनं नसतात. काही आरएनए हेच काम करतात, त्यांना रायबोझाइम म्हणतात. त्या शोधासाठी चेक आणि ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं. "सर्व एन्झाइम प्रथिने असतात" असं विधान दिसलं, तर "सर्व" या शब्दापाशी पेन थांबवा.

आता खरा मुद्दा, केएम आणि व्हीमॅक्स. १९१३ मध्ये मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी दिलेलं समीकरण बघून जीवशास्त्राची मुलं पान उलटतात. उलटू नका. लोकलच्या तिकीट खिडकीपाशी उभे राहा.

समजा स्टेशनात दहा खिडक्या आहेत आणि प्रत्येकीत एक कारकून. दुपारी तीन वाजता एखाद-दुसरा प्रवासी येतो. तिकिटं किती निघतील? जितके प्रवासी, तितकी. गर्दी दुप्पट झाली की तिकिटंही दुप्पट. संध्याकाळी सहाला तोबा गर्दी, दहाही कारकून मान वर न करता तिकिटं फाडताहेत. आता आणखी पाचशे माणसं रांगेत आली तरी मिनिटाला निघणारी तिकिटं वाढणार नाहीत. ही कमाल मर्यादा म्हणजे व्हीमॅक्स. ती वाढवायची असेल तर खिडक्या वाढवा, म्हणजेच एन्झाइमचं प्रमाण वाढवा. आणि या कमाल वेगाच्या बरोबर निम्म्या वेगाने तिकिटं निघायला जेवढी गर्दी लागते, ती केएम. केएम हे सबस्ट्रेटच्या तीव्रतेचं माप आहे, वेगाचं नाही. त्याचं एकक मोल किंवा मिलिमोल प्रति लिटर. एककावरून सुटणारा प्रश्न चुकवणं म्हणजे हातचे गुण सोडणं.

थोड्या गर्दीतही खिडक्या निम्म्या वेगाला पोचत असतील, तर केएम कमी आणि एन्झाइमची सबस्ट्रेटकडे ओढ जास्त. मुलं हे उलटं लिहितात, कारण "कमी" आणि "जास्त" एका वाक्यात आले की डोकं फिरतं. गर्दी नसतानाही जी खिडकी भरलेली, तिची ओढ जास्त, एवढं लक्षात ठेवा.

समीकरण सांगतं: वेग म्हणजे व्हीमॅक्स गुणिले सबस्ट्रेट, भागिले केएम अधिक सबस्ट्रेट. केएम ५ आणि व्हीमॅक्स १०० धरा. सबस्ट्रेट ५ असताना वेग ५०. सबस्ट्रेट २० केलं तर ८०, आणि ४५ केलं तर ९०. म्हणजे चौपट सबस्ट्रेटला दीडपटीहून थोडा जास्त वेग, आणि नऊपट सबस्ट्रेटलाही दुप्पट नाही. व्हीमॅक्सच्या १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला सबस्ट्रेट ८१ पट लागतं, हे कागदावर मांडून बघा. आलेख सरळ वर न जाता का वाकतो, ते हाताला कळतं.

हे गणित शरीरात कुठे दिसतं? जेवण झाल्यावर तुमच्या यकृतात. ग्लुकोज पेशीत शिरल्यावर त्याला फॉस्फेट जोडणारी दोन भावंडं आहेत. बहुतेक ऊतींत हेक्सोकायनेज, यकृतात आणि स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत ग्लुकोकायनेज. हेक्सोकायनेजचं केएम साधारण ०.१ मिलिमोल, ग्लुकोकायनेजचं साधारण १०. उपाशीपोटीची साखर, लॅबच्या रिपोर्टातली ९०, म्हणजे ५ मिलिमोल. भरपेट जेवणानंतर १८० धरली तर १० मिलिमोल. आता आकडे टाका. हेक्सोकायनेज उपाशीपोटी ९८ टक्के वेगाने चालतं आणि जेवणानंतर ९९. त्याला जेवणाची खबरच नसते. मेंदूला तेच हवं, साखर कमी असो की जास्त, पुरवठा चालू. ग्लुकोकायनेज उपाशीपोटी ३३ टक्के आणि जेवणानंतर ५०. साखर वाढली की यकृत जास्त ओढून घेतं, उतरली की हात आखडता घेतं. काटेकोर पाहिलं तर ग्लुकोकायनेजचा आलेख किंचित इंग्रजी एस अक्षरासारखा असतो, पण परीक्षेचा मुद्दा त्याने बदलत नाही. "यकृतातल्या एन्झाइमचं केएम जास्त का?" या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर दोन ओळींत संपतं. हे चार आकडे माहीत असलेला विद्यार्थी अर्धं पान लिहितो.

आता रोधक, म्हणजे इनहिबिटर. पुन्हा तिकीट खिडकी. रांगेत काही माणसं अशी असतात की ती तिकीट घेतच नाहीत. खिडकीपाशी येऊन "पुढची फास्ट किती वाजता?" विचारतात आणि जातात. तेवढा वेळ खिडकी अडते. हे स्पर्धात्मक रोधक. ते खऱ्या सबस्ट्रेटसारखे दिसतात आणि त्याचीच जागा अडवतात. उपाय? खऱ्या प्रवाशांची गर्दी इतकी वाढवा की चौकशीवाले बुडून जातील. म्हणजे व्हीमॅक्स तेवढाच राहतो, तिथे पोचायला गर्दी जास्त लागते, म्हणून केएम वाढतं. दुसरा प्रकार: तीन खिडक्यांची मशिनं बंद पडली. कितीही गर्दी लोटा, कमाल वेग घटणारच. उरलेल्या सात खिडक्या मात्र पूर्वीसारख्याच चालताहेत, म्हणून केएम तेच. हे अस्पर्धात्मक, म्हणजे नॉन-कॉम्पिटिटिव्ह. तिसरा प्रकार पदवीच्या पेपरात येतो, अनकॉम्पिटिटिव्ह. प्रवासी खिडकीपाशी आल्यावरच कोणीतरी येऊन दोघांनाही अडकवून ठेवतं. रोधक एन्झाइम-सबस्ट्रेट जोडीलाच चिकटतो, म्हणून व्हीमॅक्स आणि केएम दोन्ही उतरतात.

लाइनविव्हर-बर्कचे, म्हणजे उभ्या अक्षावर एक भागिले वेग आणि आडव्यावर एक भागिले सबस्ट्रेट धरून काढलेले, तीन आलेख पाठ करायची गरज नाही. उभ्या अक्षावर छेद म्हणजे एक भागिले व्हीमॅक्स. आडव्या अक्षावर छेद म्हणजे उणे एक भागिले केएम. व्हीमॅक्स तेच असेल तर रेषा उभ्या अक्षावर भेटतील, केएम तेच असेल तर आडव्यावर. अनकॉम्पिटिटिव्हमध्ये दोन्ही एकाच प्रमाणात घटतात, म्हणून रेषा समांतर. दोन मिनिटांत काढता येतं ते वहीत रंगीत पेनाने गिरवत बसू नये.

स्पर्धात्मक रोधकाचं पुस्तकी उदाहरण म्हणजे सक्सिनेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम आणि त्याला अडवणारं मॅलोनेट. ते लिहाच. पण मुंबईने याचं भयंकर उदाहरण पाहिलं आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल स्वतः तितकं घातक नाही. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, त्यापासून फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते पेशीतल्या श्वसनसाखळीचं शेवटचं एन्झाइम, सायटोक्रोम ऑक्सिडेज, अडवतं. डोळ्यांची नस लवकर मरते, म्हणून आधी दृष्टी जाते. उपचारात डॉक्टर फोमेपिझोल देतात, ते नसेल तर मोजून-मापून साधं इथेनॉल. अल्कोहोल डिहायड्रोजनेजची इथेनॉलकडे ओढ कितीतरी जास्त असते. इथेनॉल खिडकी अडवून धरतं, तोवर मिथेनॉल जसंच्या तसं बाहेर टाकता येतं. दारूच्या विषावर दारू, हे ऐकून वर्ग हसतो. मग कोणीतरी विचारतं, यात केएम कोणाचं जास्त? त्या क्षणी धडा समजलेला असतो.

जागा अडवून न सोडणारेही असतात. नसांचा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम म्हणजे ॲसिटिलकोलिनेस्टरेज. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं त्याच्या क्रियाशील स्थळावरच्या, म्हणजे सबस्ट्रेट बसतं त्या जागेवरच्या, सेरीनला कायमची चिकटतात. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं: तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास कोंडलेला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारलेल्या औषधांत या गटातलीही होती. नर्सिंगच्या मुलींनी इथे दोन औषधांतला फरक पक्का करावा. ॲट्रोपिन एन्झाइमला हातही लावत नाही, ते पुढचा रिसेप्टर झाकतं. प्रालिडॉक्सिम, ज्याला वॉर्डात पॅम म्हणतात, ते चिकटलेलं विष सोडवून एन्झाइम पुन्हा चालू करतं. पण तो बंध जुना होऊन घट्ट झाला की पॅमचंही काही चालत नाही. म्हणून घाई.

रोधक स्वयंपाकघरातही आहेत. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात, ती असली की पचन बिघडतं. भिजवलं, मोड आणले आणि नीट शिजवलं की त्यांचा जोर मोडतो. उसळ शिजवून खातो त्यामागे हेही एक कारण आहे. भारतीय खाद्यपदार्थांतल्या या ट्रिप्सिन-रोधकांवर मुंबईत काम करणाऱ्यांत कमला सोहोनी होत्या, दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या, प्रवेश मिळवला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. त्यांचा विषय होता वनस्पतींतलं सायटोक्रोम सी, आणि ते त्यांनी आधी बटाट्यात पाहिलं. वर मिथेनॉलमुळे बंद पडलेलं सायटोक्रोम ऑक्सिडेज इलेक्ट्रॉन घेतं ते याच सायटोक्रोम सी कडून. पुस्तकात ही दोन नावं वेगवेगळ्या पानांवर असतात, म्हणून सांगितलं.

तापमान आणि सामूचे आलेख सोपे आहेत, दोन्ही घंटेच्या आकाराचे. लाळेतलं अमायलेज ६.८ सामूच्या आसपास उत्तम चालतं, पेप्सिन २, ट्रिप्सिन ८. एक फरक मात्र दरवर्षी विचारतात. थंडीने एन्झाइम झोपतं, उष्णतेने मोडतं. उकळत्या दुधात विरजण टाकलं तर दही लागत नाही, आणि ते दूध नंतर कोमट झालं तरी लागत नाही. विरजण घातलेलं कोमट दूध फ्रिजमध्ये ठेवलं तरी दही लागत नाही, पण बाहेर काढून ओट्यावर ठेवा, उशिरा का होईना लागतं. इथे जिवाणूही मरतात किंवा थंडावतात हे खरं, पण त्यांच्या आतली एन्झाइमं मोडतात की नुसती थांबतात, यातच खरा फरक आहे.

नावांकडे मी मुद्दाम शेवटी आलो. सहा वर्ग पाठ करा, आणि सातवा, ट्रान्सलोकेज, २०१८ मध्ये जोडला गेला आहे हे माहीत असू द्या. परीक्षेत मात्र तुमच्या पुस्तकाप्रमाणे लिहा. त्याहून जास्त गुण जुळ्या नावांत जातात. कायनेज एटीपीकडून, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाकडून, फॉस्फेट घेऊन जोडतं, म्हणून ट्रान्सफरेज. फॉस्फटेज पाण्याने फॉस्फेट तोडतं, म्हणून हायड्रोलेज. फॉस्फोरिलेज सुटं फॉस्फेट घुसवून बंध तोडतं. ऐकायला सारखी, कामात वेगळी. लायेज पाण्याशिवाय तोडतं आणि मागे दुहेरी बंध ठेवतं, तर लायगेज एटीपी खर्चून जोडतं. अक्षर एकच बदलतं आणि काम उलटं होतं.

उजळणीसाठी शंभर एन्झाइमांची यादी करण्यापेक्षा घरातला कोणाचाही जुना रक्ताचा रिपोर्ट काढा आणि एसजीपीटी या यकृतातल्या एन्झाइमच्या एका ओळीवर बसा. वर्ग कोणता? ट्रान्सॲमिनेज, म्हणजे ट्रान्सफरेज, दुसरा वर्ग. काय करतं? ॲलानिनचा अमिनो गट अल्फा-कीटोग्लुटारेटला देतं, पायरुवेट आणि ग्लुटामेट तयार होतात. सहघटक कोणता? पायरिडॉक्सल फॉस्फेट, म्हणजे जीवनसत्त्व बी-६ चं रूप. रक्तात का सापडतं? यकृताच्या पेशी फुटल्या म्हणून. रक्तात त्याला काहीच काम नाही. आणि हो, शेजारी ट्रोपोनिनचा रिपोर्ट असेल तर फसू नका. ट्रोपोनिन हृदयविकारात बघतात खरं, पण ते एन्झाइम नाही.

आता त्या ओळीचं एकक बघा. मिलिग्रॅम नाही, युनिट प्रति लिटर. लॅबने एन्झाइमचं वजन केलेलंच नाही, वेग मोजला आहे. तयार झालेलं पायरुवेट दुसऱ्या एन्झाइमला खायला घालतात, त्यात एनएडीएच हे सहएन्झाइम खर्च होतं, आणि ३४० नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण किती झपाट्याने उतरतं ते यंत्र बघतं. किटमध्ये सबस्ट्रेट केएमपेक्षा बरंच जास्त भरलेलं असतं, सगळ्या खिडक्यांसमोर संध्याकाळी सहाची गर्दी. मग मिनिटाला निघणाऱ्या तिकिटांवरून खिडक्या किती उघड्या आहेत एवढंच कळतं, आणि डॉक्टरांना तेवढंच हवं असतं. आजीच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीत याच्या अगदी उलटं आहे. तिथे एन्झाइम पट्टीवर आधीच भरपूर लावून ठेवलेलं असतं, आणि मोजायची असते ती गर्दी.